दूध तोडायचे दिवस

आक्कांकडे अंगोरा शेळ्यांचा कळप होता. रेशमासारखी लांब लोकर देणाऱ्या या शेळ्या दिसायला राजबिंड्या, पण तब्येतीनं नाजूक. तीस वर्षं आक्का आणि त्यांचे धाकटे दीर मिळून त्या सांभाळत होते.

करडांचं दूध तोडायची आक्कांची पद्धत ठरलेली. चार महिने झाले की एकाच सकाळी सगळी करडं आयांपासून उचलायची, लोकर कातरायची आणि खालच्या शेडमध्ये कोंडायची. तीन दिवस ती ओरडायची. आक्का कानाला फडकं बांधून कामाला लागायच्या. "रडून रडून गप्प बसतात," असं म्हणायच्या.

एका वर्षी कातरणीनंतर दुसऱ्याच दिवशी गार पाऊस लागला. खालची शेड ओलीचिंब झाली. करडांना रक्ताची हगवण लागली आणि आठवड्यात नऊ करडं गेली.

गुरांची डॉक्टरीण आली. तिनं एक मेलेलं करडू फाडून आतडं दाखवलं. "हा बारीक परजीवी सगळ्याच गोठ्यांत असतो, आक्का. पण करडू खचलं की तो जोर धरतो. तुम्ही एकाच दिवसात त्याची आई काढलीत, घर काढलंत, अंगावरची लोकरही काढलीत."

"करडं मरायचीच," दीर म्हणाले. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ, वहिनी."

त्या दिवशी आक्कांना जेवण गेलं नाही. नऊ तर डोळ्यांसमोर मेली होती. आधीच्या वर्षांत किती गेली असतील आणि आपण नशिबावर ढकललं असेल, याचा त्यांना थांग लागेना.

पुढच्या वर्षी त्यांनी कुंपणात एक अरुंद फट ठेवली. करडं तिच्यातून पलीकडे जाऊन खुराक खायची, मोठ्या शेळ्या अलीकडेच राहायच्या. दीड महिन्याची असल्यापासून करडांना दाण्याची सवय लागली. दूध तोडायची वेळ आली तेव्हा आक्कांनी करडं जागेवरच ठेवली आणि आयांना जाळीपलीकडे नेलं. वजनात कमी भरलेली पाच करडं आईजवळच राहू दिली. गव्हाणी उंच बांधल्या, म्हणजे लेंड्या आणि त्यांतला परजीवी खाण्यात जाणार नाही. कातरणी महिनाभर पुढे ढकलली. दर सोमवारी प्रत्येकाची खालची पापणी ओढून बघायची: आत लाल असेल तर ठीक, पांढुरकी दिसली तर जंतांनी रक्त शोषलंय समजून जंताचं औषध.

"आता अंगाईही म्हणा," दीर हसले.

"तुम्ही म्हणा. माझा आवाज ऐकून आणखी रडतील."

ओरडणं दीड दिवसात थांबलं. हगवण एकालाही लागली नाही.

तरी एक करडू गेलंच. चांगलं धडधाकट, अचानक पोट फुगून. आक्का ते पोत्यात घालून स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या.

"फाडून बघा. माझं कुठं चुकलं ते मला कळू दे."

डॉक्टरणीनं बघितलं. पोटात सुतळीचा गुंता अडकला होता. "कुठंतरी पडलेली खाल्ली असणार. यात तुमची चूक नाही, आक्का."

आक्कांनी मान हलवली. घरी आल्या, पदर खोचला आणि अंधार पडेपर्यंत कुंपणाच्या कडेनं वाकून सुतळीचे तुकडे वेचत राहिल्या.