भीतीची वाटणी

आमच्या साडूंइतकं मन लावून, इतक्या निगुतीनं आणि इतक्या नियमितपणे घाबरणारा माणूस उभ्या पालघर जिल्ह्यात दुसरा नसेल. आपण सगळेच अधूनमधून घाबरतो, पण ते आपलं हौशी काम. कुत्रं मागे लागलं की घाबरायचं, वळून गेलं की विसरायचं. साडूंचं तसं नाही. त्यांनी भीतीचं रीतसर शिक्षण घेतलंय, तिच्यावर संसार केलाय आणि पेन्शनही तिचीच खातायत. बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते सेफ्टी खात्यात होते. बाकीचे कामगार माल तयार करायचे आणि हे एका कोपऱ्यात बसून आज काय काय होऊ शकेल याचे विचार तयार करायचे. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं त्यांना शाल, श्रीफळ आणि त्यांचं ते जुनं पिवळं हेल्मेट दिलं. शालीनं घामोळं येईल म्हणून ती कपाटात गेली, श्रीफळाचं काय झालं ठाऊक नाही, पण हेल्मेट मात्र त्या दिवशी डोक्यावर चढलं ते चढलंच. कारण त्यांचं घर तारापूरच्या बाजूला, खाडीकाठच्या गावात, नारळाच्या वाडीत. "साडूभाऊ, गाडी हॉर्न देते, साप फुत्कारतो. नारळ पडताना काय सांगून पडत नाय," असं त्यांचं म्हणणं. मी जिल्हा मुख्यालयात टेबलामागे बसणारा माणूस. माझ्या डोक्यावर फार तर पंखा पडेल, आणि तो बहुतेक वेळा बंद असतो.

कुठंही गेले की ते आधी वारा बघतात. विषारी वायू सुटला तर वाऱ्याला आडवं पळायचं असतं, हे त्यांचं पहिलं सूत्र. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला पालघरच्या हॉलच्या दारात आले ते वाकले, रांगोळीतली चिमूट उचलली, हवेत सोडली आणि ती कुठं जाते ते डोळे बारीक करून पाहिलं. विहीणबाईंना वाटलं, ही आमच्या घराण्याची काही रीत असावी. त्यांनीही पदर सावरून भक्तिभावानं एक चिमूट सोडली. मग त्यांच्या मागच्या सगळ्यांनी सोडली. फोटोत रांगोळी दिसत नाही, पाहुण्यांच्या पायांवरचा लाल रंग तेवढा दिसतो. पंगतीतही साडू दाराजवळची, धक्के खायची जागा धरून बसले. म्हणाले, "आधी वाट, मग ताट." पापलेट खातानासुद्धा शेजारी केळं सोलून तयार असतं. पापलेटला असे काटे ते किती, पण काट्याचा काय भरवसा!

या सगळ्यामागे त्यांचा एक सिद्धांत आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याची आधी नीट भीती धरली, ते होत नाही. अपघात होतो तो बेसावध माणसाला. "मी होतो तोवर आमच्या प्लांटात काय झालं? काय नाय. का नाय झालं? मी भीत होतो." निवृत्त झाल्यावर त्याच आठवड्यात तिथल्या कँटीनचा उपमा करपला, हे ते आजही पुरावा म्हणून सांगतात.

हीच भीती ते गावच्या फुटबॉल संघासाठीही धरायचे. आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवर एकेक गाव आणि प्रत्येक गावाचा एकेक संघ. अलीकडचे ते आम्ही, साडूंच्या नात्यानं मीही त्यांच्यातलाच, आणि पलीकडचे ते 'पलीकडचे'. त्यांच्या संघाला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण अलीकडच्या काठावर ते उच्चारण्याची पद्धत नाही. दोघेही जिल्ह्याच्या लीगमध्ये वरच्या गटात. वर्षातून एकदा गाठ पडायची, एका साली आमच्याकडे, एका साली त्यांच्याकडे. बाकी सगळ्या संघांकडून हरलो तरी चालेल, पण पलीकडच्यांकडून नाही, ही दोन्ही गावांची कुलदैवताइतकी जुनी श्रद्धा.

यंदा पलीकडच्यांची दशा झाली. त्यांचा फॉरवर्ड बोटीवर लागला, दोघे बॅक बोईसरला शिफ्टमध्ये अडकले, एकानं विरारला फ्लॅट घेतला. गोलात उभं राहायला शेवटी त्यांच्या पोस्टमनला आणावं लागलं, आणि तो बिचारा आलेली प्रत्येक गोष्ट घरात पोचवायचा. मॅचमागून मॅच हरत ते तळाला गेले. शेवटची मॅच आमच्याशी, त्यांच्याच मैदानावर. हरले तर खालच्या गटात, बरोबरी केली तरी वाचणार. आमच्या गावात आनंदाला भरती आली. ढोलवाल्याला आगाऊ सांगून झालं. "ओहोटी लागली रे पलीकडं," असं म्हणत म्हातारे एकमेकांना टाळ्या देऊ लागले.

अशा मंगल दिवसांत साडू आमच्या बोईसरच्या घरी आले, ते अगदी पांढरे पडून. मी बेसनाचा लाडू पुढे केला. "अभिनंदन! पलीकडचे चालले खाली."

त्यांनी ताटली सरकवली. "साडूभाऊ, मला भीती वाटतेय."

"ती तुम्हाला कधी वाटत नाही?"

"तशी नाय. ही खरी हाय."

मी खोदखोदून विचारलं, तर म्हणे स्पर्धेचा दर्जा घसरेल, म्हणे मैदानं ओस पडतील. लाडू तसाच ठेवून, वारा बघून ते गेले. मग बायकोनं मला जिल्हा मुख्यालयात समजवतात तसं, दोनदा, सावकाश समजावलं. "अहो, त्यांची आक्का पलीकडे दिलीय ना. मॅच नाही तर आक्का कुठं दिसणार त्यांना?"

त्याची कथा अशी. फार वर्षांपूर्वी साडू स्वतः गोलकीपर होते. आक्काचं लग्न होऊन ती पलीकडे गेली, आणि त्याच वर्षीच्या मॅचला तिच्या नवऱ्यानं दुरून एक सणसणीत किक मारली. चेंडू नेमका साडूंच्या अंगावर आला. साडू बाजूला झाले. नुसते झाले नाहीत, त्यांनी चेंडूला हातानं वाट दाखवली म्हणतात. गोल! आणि नवी नवरी टाळ्या वाजवत उठली. साडू तिथूनच ओरडले, "आजपासून तू आमची नाय!" आक्का ओरडली, "बरा झाला! तुज्यासारक्या भागूबाईची बहीण म्हणून सांगायला लाजच वाटत होती!"

तेव्हापासून दोघं एकमेकांच्या उंबऱ्यावर गेली नाहीत. भाऊबीज नाही, राखी नाही. कार्यप्रसंगाला घरातली बाकीची माणसं जायची. पण मॅचला दोघंही हजर. हे एका रेषेवर हेल्मेट घालून, ती समोरच्या रेषेवर खुर्ची टाकून. "भागूबाय आली काय रे?" असं तिनं विचारल्याशिवाय मॅच सुरू झाल्यासारखी वाटायची नाही. आणि एक रीत होती. हाफटाइमला यजमान गावानं पाहुण्या संघाला सरबत द्यायचं. पलीकडे सरबत आक्काच्या हातचं. बर्फ घातलेल्या त्या सगळ्या ग्लासांत एक स्टीलचा पेला वेगळा यायचा: कोमट पाण्यातलं, आलं घातलेलं, वर माशी बसू नये म्हणून बशी झाकलेलं. बर्फानं घसा धरतो, ही भीती साडूंनी लहानपणीच मिळवलेली. पेला कोणासाठी, हे आक्कानं कधी सांगितलं नाही आणि कोणी कधी चुकलं नाही.

मॅचच्या दिवशी आम्ही सगळे होडीनं खाडी ओलांडून गेलो. साडू नेहमीसारखे रिक्षा करून, पुलावरून, सगळा वळसा घालून आले, कारण होडी आणि पाणी यांचं एकमेकांशी काय ठरलेलं असतं ते आपल्याला कळत नाही. आल्या आल्या मला बाजूला घेतलं. चेहरा घामानं थबथबलेला.

"साडूभाऊ, एक काम करा. आज मला दोन्ही बाजूंचं भिता यायचं नाय. मी पलीकडचे खाली जातील म्हणून भितो. आपल्याकडचं तुमी सांभाळा."

"म्हणजे काय करू?"

"आपण हरू म्हणून भ्या. मनापासून. सगळा चांगला बरोबरीत सुटेल."

मी आयुष्यात कुठलंच काम मनापासून केलेलं नाही, त्यामुळे मला वाटलं हेही निभेल. पहिल्या अर्ध्यात मी जमेल तसा भ्यालो. मधेच कुठूनतरी सुके बोंबील भाजल्याचा वास आला, तेव्हा थोडी भीती सुटली, पण पुन्हा धरली. शून्य-शून्य. हाफटाइमला ट्रे आला. आमचा कॅप्टन बशी झाकलेला पेला घेऊन साडूंकडे आला. "आक्का बोलली, इष नाय घातलाय. घालायचा असता तर कवाच घातला असता."

"सांग तिला, साखर कमी हाय," साडू म्हणाले, आणि पेला दोन्ही हातांत धरून, शेवटच्या थेंबापर्यंत, असं प्याले की मी दुसरीकडे पाहिलं.

आणि मग माझं काय झालं मला कळेना. हा पेला शेवटचा, हे डोक्यात आलं आणि मला खरंच भीती वाटायला लागली. मॅच संपत आली तेव्हा पलीकडच्यांनी आमच्या गोलासमोर अशी गर्दी केली की मी डोळे मिटले. सगळं बळ एकवटून भ्यालो. आमच्या कोणीतरी चेंडू आंधळेपणानं पुढे भिरकावला. आमचा तो विंगर, जो स्वतःच्या लग्नातही वेळेवर पोचला नव्हता, तो नेमका तिथं होता. पोस्टमन पुढे आला, घसरला, आणि चेंडू त्याच्या पायांतून सावकाश, पत्ता विचारत गेल्यासारखा, आत गेला.

ढोल कडाडले. आमचं गाव मैदानात धावलं. साडू जागचे हलले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "साडूभाऊ, तुमी जरा जास्तच भ्यालात."

मग त्यांनी तो रिकामा पेला उचलला. दर वेळी तो ट्रेमधून परत जायचा. या वेळी साडू स्वतः निघाले, मैदानातून तिरके, वारा न बघता. मी मागोमाग, कारण आता माझी भीती थांबायला तयार नव्हती. आक्का खुर्चीतच होती. माणसं उठून गेली होती.

"पेला," साडू म्हणाले.

"ठेव."

"साखर कमी होती."

"या वयाला कमीच बरी."

समोरासमोर उभं राहून बोलायची दोघांना सवयच नव्हती. त्यांचं सगळं बोलणं आजवर मैदानाच्या रुंदीचं. साडूंनी घाम पुसायला हेल्मेट काढलं. आक्का एकदम पुढे वाकली.

"आरे, केस कुठं गेलं तुझं?"

"गेले."

"सगळं?"

"सगळं."

आक्कानं हात वर केला, तो मधेच थांबला, मग त्या तुळतुळीत डोक्यावर टेकला. "बाबांसारका झालास रे," ती म्हणाली. "चल घरात. चाय घे. उकळती नाय देत, ठाऊक हाय मला."

चहाला इतका वेळ लागला की रिक्षावाला कंटाळून निघून गेला. शेवटच्या होडीनंच परतावं लागलं. साडू माझ्या मनगटाला घट्ट धरून बसले. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत. खाडीच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं, त्यांचं डोकं उघडं होतं.

"साडू, हेल्मेट! आक्काकडे राहिलं. उद्या कोणाला तरी पाठवतो आणायला."

त्यांनी एक डोळा उघडला. "कोणाला पाठवू नका," ते म्हणाले. "मीच जाईन."

पलीकडचे खालच्या गटात गेले. आता मॅच नाही. साडू मात्र दर थोड्या दिवसांनी हेल्मेट आणायला पलीकडे जातात, जेवूनखाऊन येतात, आणि आयुष्यात कुठं छत्रीसुद्धा न विसरलेला हा माणूस दर खेपेला हेल्मेट विसरून येतो. परवा त्यांच्या वाडीतून आम्ही दोघं चाललो होतो. ते पुढे, उघड्या डोक्यानं, आक्कानं केलेल्या कालवणाचं वर्णन करत. मी मागे. त्यांचं एक अक्षर मला ऐकू आलं नाही. मी सारखा वर, नारळांकडे बघत होतो.