दोराची कडकड

गळ्याशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, शेवट सोडून. तुम्ही चहा घ्या हो, शेवटाचं शेवटी बघू! पण असा गाढवपणा अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केलेला नाही, एवढं लिहून घ्या.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. मी रोह्याजवळच्या वरशाचा, सासुरवाडी पेणच्या खाडीकाठची. डोलवीकडच्या एका जेट्टीवर मला महिनाभराच्या बोलीवर काम मिळालं होतं. जमलं तर कायम, नाहीतर परत रोह्याला केमिकल कंपनीतली रात्रपाळी!

काम काय? दोर ऐकायचा! हसताय काय? मालवाहू बार्ज धरून ठेवणारे जाडजूड दोर पाण्याखाली तळातल्या नांगराला बांधलेले. ते आतून झिजलेत की शाबूत आहेत, हे बुडी मारून कोण बघणार? म्हणून जेट्टीच्या साहेबांनी मुंबईहून यंत्र आणलं. पाण्यात माईक सोडायचा, कानांवर वाटीएवढे हेडफोन गच्च चढवायचे. ताणलेल्या दोराचा पेड आत तुटायला लागला की ‘कड्’ असा आवाज येतो म्हणे.

आणि त्या बार्जचे तांडेल, म्हणजे कप्तान, कोण? साक्षात माझे सासरे!

“काय जावयबापू, दोराची नाडी बगताय?” ते म्हणाले. “दोर चांगला हाय. मी हातानं चाचपलाय.”

“मामा, हे शास्त्र आहे!”

मान ताठ करून बसलो. भरती चढत होती, दोर ताणलेला. कानांत नुसती खाडीची गुळगुळ. किती वेळ ऐकणार? सासूबाईंनी भाजलेल्या पोह्याच्या पापडांचा डबा दिला होता. पेणचा पापड मांडीवर असताना माणूस शास्त्र करतो का? घातला एक तोंडात.

कड्! कड्! कडकडकड!

“साहेब! दोर तुटतोय!”

एकच पळापळ! बार्जवरची माणसं भराभर जेट्टीवर उतरली, सासऱ्यांनी दोर सैल केला. साहेबांनी धावत येऊन हेडफोन लावले. “आता शांत आहे.”

“सैल केला ना, म्हणून!” मी म्हणालो. भीतीनं माझंही तोंड थांबलं होतं, हे कोणाच्या लक्षात येणार?

भरती पुरी झाल्यावर दोर पुन्हा ताणला. मी पुन्हा बसलो. संकट टळल्याच्या आनंदात दुसरा पापड.

कडकडकडकड!

“साहेब, मघापेक्षा जास्त!”

साहेबांनी पुन्हा ऐकलं. त्यांना काही म्हणजे काही ऐकू येईना. माझ्याकडे आदरानं बघत म्हणाले, “तुझा कान तयार झालाय रे. दोर बदला!”

“अवो, पाणी उतरतंय!” सासरे ओरडले. “बार्ज चिखलात बसंल, माजी खेप बोंबलंल!”

“मामा, खेप मोठी की माणसं?”

काय वाक्य होतं! सासऱ्यांनी बार्ज बाजूला घेतली, ओहोटीनं ती चिखलात बसली, कलली. दोर वर आला. पेड न् पेड शाबूत! सासऱ्यांनी माझे हेडफोन उचलून कानांवर चढवले, डब्यातला पापड घेतला आणि चावला. त्यांचे डोळे हे एवढे झाले.

“जावयबापू, दोर नाय तुटत! जबडा वाजतोय तुमचा!”

खोटं वाटतं? दोन्ही कान हातांनी दाबा आणि पापड खाऊन बघा.

आता तो शेवट. दोर वर आल्यापासूनचं सगळं मी बनवलंय. कुणीच ओळखलं नाही हो! जुन्या दोराला कुठेतरी केस निघालेले असतातच. ते बघून साहेब म्हणाले, “हेच ते!” माझी नोकरी कायम झाली. खेप गेली तरी सासरे गावभर सांगत सुटले, “आमच्या जावयानं माणसं वाचवली.” जेट्टीवर शाल-नारळ देऊन माझा सत्कार झाला.

दुसऱ्या दिवशी नवाकोरा दोर ऐकायला बसलो, उरलेला पापड तोंडात घातला आणि पुन्हा... कडकडकड! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मी पापड गिळून सांगून टाकलं, “साहेब, नवा दोर एकदम झकास.”

सासूबाईंना वाटलं, दिवसभर कान लावून बसतो बिचारा, भूक लागत असेल. त्या अजून भला मोठा डबा पाठवतात. आणि मी? कामावर असलो की पापड चहात बुडवून खातो.