बिनखिळ्याचे सासरे

माझ्या सासऱ्यांचा फोटो पडला, तो माझा शोध यशस्वी झाला म्हणून. हे वाक्य मी घरात एकदाच बोललो आहे.

मी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत पालीच्या पायांवर काम करतो. (लग्न ठरताना 'सरकारी शास्त्रज्ञ' एवढंच सांगितलं होतं.) पालीच्या पायाला डिंक नसतो. अतिसूक्ष्म केस असतात, ते भिंतीच्या खाचाखोचांत शिरून बिलगतात. तशीच कोरडी रबरी पट्टी आम्ही बनवत होतो. काचेवर काय, काहीही चिकटतं हो. खरी परीक्षा खडबडीत भिंतीची!

आणि तशी भिंत आमच्या बनशंकरीच्या भाड्याच्या घरात होती. घरमालक रामण्णांनी किल्ली देतानाच बजावलं होतं, "सर, मोळे बेडा!" म्हणजे खिळा नको. आमचं कॅलेंडरसुद्धा फ्रीजवर राहायचं.

त्यात सासऱ्यांची पहिली पुण्यतिथी आली. बेळगावहून सासूबाई आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही. साडीच्या घड्यांत गुंडाळून त्यांनी सासऱ्यांचा फोटो आणला होता. सासऱ्यांना फोटोचा भारी तिटकारा. हसताना काढलेला हा एकच.

"याची दुसरी कॉपी नाही," बायकोनं, म्हणजे मेधानं, मला बाजूला घेऊन सांगितलं. "आपण टेबलावर ठेवू."

"टेबलावर? घरात शास्त्रज्ञ असताना?"

आधी एका पाटाला पट्ट्या लावून तो भिंतीवर दाबला आणि त्याला पाच किलो पिठाची पिशवी टांगली. तासभर हलला नाही! मग फ्रेमच्या पाठीला चार पट्ट्या लावल्या आणि सासरे भिंतीवर चढवले.

"पडतंय की ओ ते," अक्का म्हणाल्या.

"अक्का, खाली जितकं ओढाल तितकं घट्ट! खालची कड पुढं उचलली तरच सुटतं. पालसुद्धा पाय तसाच सोडवते. पण फोटोची खालची कड उचलणार कोण? हा फोटो पडणं शक्य नाही!"

अक्कांची एक रीत आहे. कुणी काही बोललं आणि पाल चुकचुकली, की तीनदा बोट वाजवून "सत्य, सत्य" म्हणायचं. आमच्या ट्यूबलाइटमागे एक पाल राहते. मी तिच्याकडे मोठ्या आशेनं पाहिलं. ती गप्प राहिली. (जातीच्या जाणकारानं तेव्हाच ओळखलं असणार!)

पुण्यतिथीला रामण्णांना जेवायला बोलावलं होतं. बिनखिळ्याचा फोटो बघून ते थक्क झाले. "मोळे इल्ला? सूपर, सर!" झालं! मी वीस मिनिटं व्याख्यान दिलं. फोटोखाली चौरंगावर गव्हाच्या खिरीचं पातेलं निवत होतं, मेधा डोळे वटारत होती, पण मला थांबवणार कोण?

शेवटी अक्काच हार घेऊन उठल्या. आता फोटोला हार घालायचा म्हणजे तो वरच्या खिळ्यात अडकवायचा. अक्कांनी चाचपलं. खिळा लागेना.

"खिळा कुठं हाय ओ, जावईबापू?" असं म्हणत त्यांनी मागं डोकावायला फोटोची खालची कड पुढं उचलली.

सहा वर्षं मी पालीचा अभ्यास केला. हाराचा केला नव्हता.

चारही पट्ट्या एका झटक्यात सुटल्या. अगदी ठरवल्याप्रमाणे! मी झेप घेतली, फ्रेम माझ्या बोटांना चाटून गेली आणि सासरे तोंडघशी पातेल्यात! काच फुटली. अक्का हार धरून तशाच उभ्या.

आणि त्या शांततेत मी काय बोलावं? "अक्का, हा पडला तो शोध यशस्वी झाला म्हणून! बघा, भिंतीचा टवकासुद्धा उडाला नाही!"

आजही आठवलं की कान तापतात. मेधा माझ्याकडे बघेना. भिंतीबद्दल ज्यांना आनंद व्हायला हवा होता ते रामण्णासुद्धा मान खाली घालून बाहेर निघून गेले.

अक्कांनी काचा बाजूला करून फोटो उचलला, पदरानं हलकेच टिपला. चेहरा वाचला होता, पण मिशीवर खिरीचा पिवळट डाग कायमचा बसला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं खीर बंद केली होती त्यांची. शेवटपर्यंत मागत होते." आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्या मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

तेवढ्यात रामण्णा परत आले. हातात हातोडी, ओठांत खिळा. "सर, ओंदु मोळे परवागिल्ला," म्हणाले. एक खिळा चालेल! आणि त्यांनी स्वतःच्या भिंतीत स्वतःच तो ठोकला. बिनकाचेचे सासरे वर गेले, हार खिळ्यात अडकला.

मी अक्कांच्या पाया पडलो. "अक्का, चुकलं माझं. एवढं शिकलो, पण शेवटी मूर्ख तो मूर्खच राहिलो."

ट्यूबलाइटमागं पाल चुकचुकली.

अक्कांनी डोळे पुसले आणि चौरंगावर तीनदा बोट वाजवलं. मेधानंही वाजवलं.