आधी धक्का, मग चहा

बंद पडलेल्या गाडीवर माझ्या मामेसासऱ्यांनी जितकं प्रेम केलं, तितकं उभ्या नवी मुंबईत कुणी चालू गाडीवरही केलं नसेल. तुर्भ्याला त्यांचं गाड्या दुरुस्तीचं आवार आहे. टेम्पो, शाळेच्या बस, पाण्याचे टँकर, जे जे म्हणून रस्त्यात मान टाकतं ते तिथे दोराने बांधून आणलं जातं आणि मामा त्याच्या बॉनेटवर हात ठेवून ‘आलास? ये’ म्हणतात. तीच गाडी दुरुस्त होऊन फाटकाबाहेर पडली की त्यांचा तिच्यातला रस संपतो. वर्षानुवर्षं येणारी गिऱ्हाइकं त्यांना चेहऱ्याने ओळखू येत नाहीत. ‘तुमचा गिअरबॉक्स कसा हाय?’ असं विचारून ते माणूस निश्चित करतात.

आलेल्या गाडीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. त्यामुळे आवारात गाड्या डब्यात पोळ्या रचाव्यात तशा एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि मालक जी गाडी न्यायला येतो ती नेमकी सगळ्यांच्या आत असते. ती काढायची तर आधी टँकर मागे, मग दोन टेम्पो डावीकडे, मग बस थोडी पुढे. हे सगळं माणसांनी ढकलून. मग ती माणसं कोण हे पाहायचं नाही. आवाराचा नियम एकच, ‘आधी धक्का, मग चहा.’ विम्याचे साहेब टाय खांद्यावर टाकून धक्का मारतात. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी एकदा संकल्प सोडायच्या आधी रिक्षा सरकवली होती. उरणचे एक मासळीवाले चाचा आहेत. त्यांचा टेम्पो केव्हाच बरा झाला, तरी संध्याकाळी मार्केट आटपलं की ते आवारात हजर. का म्हणून विचारलं तर म्हणतात, “आता काय, सवय लागली ना. घरी कोन धक्का मारायला देतो?”

मी स्वतः या घराण्यात धक्का मारूनच आलो. आमच्या लग्नाआधी मुलाची चौकशी करायचं काम मामांकडे होतं. सानपाड्याहून मी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांना भेटायला गेलो. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, मला सरळ एका शाळेच्या बसच्या मागे उभं केलं. मी लहानपणापासून अंगाने भरलेला. बस हलली. दुसऱ्या दिवशी त्यांचा आमच्या घरी निरोप आला, ‘मुलगा वजनदार हाय, पाय घसरत न्हाई.’ माझ्या आईला वाटलं की ते माझ्या चारित्र्याबद्दल बोलत आहेत. तिने आनंदाने चाळीभर पेढे वाटले.

असं सगळं सुरळीत चालू असताना गेल्या उन्हाळ्यात एक टँकर ढकलताना मामांची कंबर धरली. तीही अशी की ते टँकरला टेकलेल्या अवस्थेतच राहिले आणि आम्हाला बराच वेळ वाटलं की ते अजून जोर लावतायत. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा धक्का माराल तर अंथरुणाला खिळाल. मामी त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या आणि रडून झाल्यावर त्यांनी फर्मान काढलं, “दसऱ्यापर्यंत गाड्या वढायला ट्रॅक्टर घ्या. न्हाई तर आवाराला कुलूप. मंग आपन पोराकडं उलव्याला जायाचं. तुमची कंबर गेली तर मी कुनाच्या आधारानं उठू?”

उलव्याचं नाव काढताच मामा पांढरे पडले. मुलाचा नवा फ्लॅट त्यांनी एकदा पाहिला होता. फ्लॅट आवडला. पण खालचं पार्किंग नाही. प्रत्येक गाडीला पिवळ्या पट्ट्यांत आखलेली आपली जागा, जिची ती येते, जिची ती जाते. “पाव्हणं,” मला हळूच म्हणाले, “तिथं कुनाला कुनाची गरजच न्हाई हो. मी तिथं लवकर मरंन.” हसत म्हणाले नाहीत.

तर दसऱ्याच्या आधी एका रविवारी आम्ही पनवेलच्या बाजूला ट्रॅक्टर पाहायला निघालो. मामा, मी, चाचा, आणि हळदकुंकवाचं तबक घेऊन नव्या साडीतल्या मामी. आणि आमच्या मागे भाड्याच्या क्रेनला लटकवलेली, इंजिन नसलेली शाळेची बस. दुकानदाराचा ट्रॅक्टर स्वतःच्या ओझ्यावर पारखायचा, हा मामांचा आग्रह. दुकानातल्या विक्रेत्या पोरीने हसून विचारलं, “काका, जमीन किती आहे?”

“जमीन न्हाई.”

“म्हणजे भाड्याने कसता? माती कशी आहे, काळी की लाल?”

“काँक्रीट,” मामा म्हणाले. “वर ऑईल सांडल्यालं.”

तिचं हसू जे मावळलं ते परत आलं नाही. तिने द्राक्षबागेत चालणारा एक चिमुकला लाल ट्रॅक्टर दाखवला. मामांनी त्याला बस बांधली. ट्रॅक्टर गुरगुरला, चाकं जागच्या जागी फिरली आणि बस ढिम्म. मामांनी निदान केलं, “ताकद हाय, वजन न्हाई.” ती म्हणाली की चाकांना लावायची लोखंडी वजनं मिळतात, पण आज स्टॉकमध्ये नाहीत. मामांनी आमच्याकडे वळून पाहिलं. माझ्या लगेच लक्षात आलं. एका मडगार्डवर मी, दुसऱ्यावर तबक सांभाळत मामी, आणि मामांच्या मागे उभे चाचा, अशी आमची वरात निघाली. बस हलली. हायवेवरचे लोक गाड्या थांबवून पाहायला लागले.

“काका, प्लीज मॅडमना उतरवा, अलाउड नाहीये!” पोरगी मागून धावत ओरडत होती.

“मॅडम उतरल्या की बस थांबतीया,” मामा वळूनही न बघता म्हणाले. “फार तर तुमी बी बसा.”

त्यानंतर तिने आमची लवकर पाठवणी करण्यासाठी दुकानातली सगळ्यात चांगली चीज बाहेर काढली. विजेवर चालणारा ट्रॅक्टर. धूर नाही, आवाज नाही, अंगाने ठोसर, वळायला टेम्पोपेक्षा कमी जागा. बस त्याने अशी ओढली की जणू तिच्यात इंजिन आहे. मामी खूश झाल्या. तबकातलं कुंकू त्यांनी चिमटीत घेतलंसुद्धा. तेवढ्यात मामांनी विचारलं, “बंद पडला तर धक्क्यावर चालू हुतो का?”

“इलेक्ट्रिक आहे काका. धक्का मारून काय उपयोग? त्याला कुणाची गरजच नाही.”

“मंग नगं.”

मामींच्या चिमटीतलं कुंकू तसंच राहिलं. मी समजावलं, चाचांनी समजावलं, त्या पोरीने डिस्काउंट सांगितला. मामा ऐकायला तयार नाहीत. ते दुकानाच्या मागे गेले आणि तिथे कुणीतरी बदलीत देऊन टाकलेला, रंग उडालेला, ठेंगणा पण वजनाला भक्कम असा जुना डिझेलचा ट्रॅक्टर त्यांनी शोधून काढला. त्याची बॅटरी मेलेली होती. मामांना वर बसवून मी आणि चाचांनी तो ढकलला. मामींनीही तबक खाली ठेवून हात लावला. धडधड करून काळा धूर ओकत तो सुरू झाला, आणि वर बसलेल्या मामांचा चेहरा असा फुलला की हुज्जत घालायची कुणाची छाती झाली नाही. “एवढं चांगलं सोडून हे धूड,” मामी घरी येईपर्यंत पुटपुटत होत्या. “मानूस कमरेवर न्हाई, डोक्यावर पडलाय.”

दसऱ्याला नवी बॅटरी घालून, झेंडूच्या माळा लावून ट्रॅक्टर आवारात आला. काम करायला तो खरंच उत्तम निघाला. टँकर मागे, टेम्पो डावीकडे, बस पुढे, सगळं एकट्या मामांनी सीटवर बसल्या बसल्या. कंबर वाचली, आवार वाचलं, उलवे टळलं. पण हळूहळू आवारात यायचं कुणाला काही कारण राहिलं नाही. विम्याचे साहेब गाडीतूनच फोटो काढून जाऊ लागले. चाचा एकदा आले, हात मागे बांधून उभे राहिले, चहा प्यायले आणि ‘बरा चाललाय की तुमचा’ म्हणून निघून गेले. मीही दोन-चार रविवार गेलो नाही. मामी सांगायच्या की ते संध्याकाळी फाटकाकडे तोंड करून बसतात. ऐकून मला वाईट वाटायचं, पण नुसतं बसायला जाऊन बोलायचं काय, हे समजत नव्हतं.

मग एका रविवारी फोन आला. “पाव्हणं, ट्रॅक्टर बंद पडलाय. चार मानसं लागत्याल. येता का?”

गेलो तर चाचा आधीच बाह्या सारून उभे. विम्याचे साहेब, गुरुजी, सगळे जमलेले. मामांना सीटवर चढायला आता आधार लागतो, तो मी दिला. तेव्हा माझं लक्ष बॅटरीकडे गेलं. वायर सुटलेली नव्हती, नीट काढून बाजूला ठेवलेली होती, आणि तिचा नट मामांच्या शर्टाच्या खिशातून दिसत होता. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईने आभाळाकडे पाहिलं. मामींनी चहाचं आधण ठेवलं होतं, पातेलं नेहमीचं नव्हतं, मोठं होतं. आम्ही जोर लावला, ट्रॅक्टर धडधडला, आणि तो सुरू झाल्यावरही आम्ही त्याला पार फाटकापर्यंत ढकलत नेला.

आता तो दर रविवारी बंद पडतो. गाड्यांतलं कळणारी एवढी माणसं तिथे जमतात, पण एकदा बॅटरी बघून घेऊ या, असं अजून कुणीही म्हटलेलं नाही.