वाचायची परवानगी

"वाचून झालं ना? मंग कायले धरून बसलात, गुरुजी?" असं म्हणत बाई मला दटावायच्या. दवनीवाड्याच्या शाळेत आम्ही दोघं एकत्र शिकवायचो. वाचून झालेलं पुस्तक त्या मला अर्ध्या किमतीत विकत, आणि ते मीही पुढे कुणाला तरी विकावं, असा त्यांचा दंडक. पुस्तकं अडवून ठेवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाईंना ती मुळीच खपत नसत. तशीच फुकट्यांचीही चीड. "फुकटचं पुस्तक फळीवर झोपते," म्हणायच्या. असं विकत विकत गेलेलं त्यांचं एक पुस्तक मला पार सडक अर्जुनीच्या ढाब्यावर गल्ल्याशेजारी दिसलं होतं.

निवृत्तीनंतर बारीक अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा नागपूरच्या लेकीनं टॅब पाठवला. अक्षर हवं तेवढं मोठं होई. बाई खूश. टॅबवर विकत घेतलेली पहिली कादंबरी संपताच मला बोलावणं आलं. "घ्या. अर्धी किंमत." पण ती माझ्या फोनवर जाईना. शेवटी बाईंनी कंपनीला फोन लावला.

पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, किताब आपकी नहीं है. आपने सिर्फ पढ़ने का लाइसेंस लिया है. बेच नहीं सकते."

"तो बटन पे 'खरीदें' कायले लिखा?"

मुलीनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. बाईंनी फोन ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी गेली का माझी पुस्तकंही गेली."

चहा झाल्यावर एकदम उठल्या. "पुस्तक बाहेर जात नाई ना? मंग मानूस आत येईल. यंत्र तं माझंच हाय!"

टॅब ओसरीवर आला. धानाचं रोवणं आटोपून बाया येऊ लागल्या, पाळीपाळीनं वाचू लागल्या. एकट्या बाईंचं घर भरून गेलं. कुणी रेंगाळलं की आतून बाईंचा आवाज यायचा, "पान पलटवा, बाकीच्या थांबून राहिल्या!"

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही, असं कंपनीनं लेकीला कळवलं. बाईंचं खातं बंद झालं, पुस्तकंही गेली.

तेरवीनंतर एका संध्याकाळी मी गेलो, तर ओसरी भरलेली. बहुतेकींची टॅबवरची कादंबरी अर्ध्यावर राहिली होती. फक्त शेजारच्या घरातल्या सुनेनं ती पुरी वाचली होती. ती पदर खोचून मधोमध बसली होती.

"कुठवर आलो होतो आपन?" तिनं विचारलं, आणि पुढची गोष्ट सांगू लागली.