कुऱ्हाडवाल्याची चौकशी

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न मोडता मोडता वाचलं, आणि ते मोडायला निघालेला माणूस आमच्या टीव्हीच्या आत राहत होता.

तो आला सुरतेहून. मामांनी एका दिवाळीला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला आणि सोबत एकच कॅसेट. तिच्यावरची अक्षरं चिनी की जपानी, हे आमच्या अख्ख्या मेहरूण गावात कुणाला सांगता येईना. खेळ मात्र सोपा होता. लाल बंडीतला नायक म्हणजे मी, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक खलनायक वाट अडवून उभा. पहिला टकला साखळी फिरवायचा, दुसरी एक बाई चाबूक घेऊन यायची आणि तिसरा दाढीवाला कुऱ्हाडी फेकायचा. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो (दुसऱ्यांदा), त्यामुळे वेळेची टंचाई नव्हती.

आमचे आबा, म्हणजे वडील, साऱ्या जगाकडे संशयाने बघायचे. दुधात पाणी निघालं नाही तर का निघालं नाही, याचाही त्यांना संशय यायचा. एकदा मी टकल्याला बडवत असताना ते बराच वेळ मागे उभे राहिले आणि मग म्हणाले, "याने तुझं काय वाकडं केलं?"

"आबा, तो व्हिलन आहे."

"ते दिसतंय. पण का आहे? उगाच कुणी कुणाच्या वाईटावर नसतं. चौकशी केलीस?"

चौकशी हा आमच्या घरचा त्या वर्षीचा मुख्य उद्योग होता. अक्कासाठी स्थळं बघणं चाललं होतं. आबा आणि मी एस.टी.ने मुलाच्या गावी जायचो, बियाण्याचे विक्रेते असल्याची बतावणी करायचो आणि टपरीवर चहा पीत गावकऱ्यांकडून त्या घरची माहिती काढायचो. मग घरी येऊन ती शंभर पानी वहीत उतरवायचो: गाव, शेती, स्वभाव, व्यसन, भाऊबंदकी. अक्षर माझं बरं, म्हणून लेखनिक मी. (आबा सांगतील तेवढंच लिहायचं, ही अट होती.)

तर आबांचं बोलणं मला लागलं. त्याच वहीच्या मागच्या बाजूने मी खलनायकांची चौकशी सुरू केली. रकाने तेच, प्रत्येकाला एक अख्खं पान. टकला लहानपणी सावत्र आईकडे वाढला, म्हणून त्याला कुणाचं हसणं सहन होत नाही. चाबूकवालीच्या बैलाला यावलच्या बाजारात कुणी तरी नजर लावली आणि तेव्हापासून ती दिसेल त्याच्यावर संशय घेते. लिहिता लिहिता मला त्या मंडळींची दया यायला लागली. कुऱ्हाडवाल्याशी मात्र अडलो. माणूस इतक्या कुऱ्हाडी कशासाठी फेकेल, हे काही केल्या सुचेना.

तेवढ्यात धुळ्याकडचं एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, निर्व्यसनी, हसरा. अक्काने त्याचा फोटो पाहिला आणि मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "हे मोडू नका रे. मला आवडलाय तो." आयुष्यात पहिल्यांदाच अक्काने माझ्याकडे काही मागितलं होतं, त्यामुळे मला एकदम जबाबदार वाटायला लागलं.

आम्ही त्या गावी चौकशीला गेलो. सगळं चांगलंच निघालं. एवढंच कळलं की मुलाचे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, आणि काका, म्हणजे नाना, बारा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. नानांनी बांधावरचं कडुनिंबाचं झाड भाऊंना न विचारता तोडलं होतं. आबांनी मला बजावलं, हे वहीत लिहू नको, पाहुण्यांच्या हाती लागलं तर पंचाईत होईल.

मी आज्ञाधारक. त्या स्थळाच्या पानावर लिहिलंच नाही. मागच्या बाजूला, कुऱ्हाडवाल्याच्या पानावर लिहिलं.

पुढच्या रविवारी पाहुणे बघायला आले. सख्खा काका बैठकीला नसला की मुलीकडचे शंका घेतात, म्हणून नानाही आले होते. दोघे भाऊ सोफ्याच्या दोन टोकांना बसले, मध्ये मुलगा. पाण्याचा तांब्यासुद्धा त्याच्यामार्फत इकडून तिकडे जात होता. अक्का पोहे देऊन गेली आणि जाताना मुलाकडे बघून पुसटशी हसली. सगळं जमत आलं होतं. नानांनी अक्काची जन्मवेळ टिपून घ्यायला कागद मागितला. आबांनी वही पुढे केली आणि म्हणाले, मागचं एखादं कोरं पान फाडून घ्या.

मी उठेपर्यंत नानांनी वही उघडलीही होती. ते वाचत राहिले. मग वही मुलाकडे दिली, मुलाने ती भाऊंकडे सरकवली. भाऊंनी चष्मा लावला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं:

"वय पन्नाशीचं. धाकट्या भावाने बांधावरचं निंब न विचारता तोडलं, तेव्हापासून अबोला. मनाने वाईट नाही, पण कुणाचं ऐकत नाही. स्वभाव, एकदम अंगावर येतो. उपाय, उडी मारून डोक्यात लाथ."

पोह्यांवरची शेव मऊ पडत असल्याचं ऐकू येईल इतकी शांतता झाली. मग भाऊंनी, मुलाला ओलांडून, थेट नानांवर आळ घेतला, "तूच सांगं ना यास्ले?"

"मी कसाले सांगू? तूच सांगं व्हई. गावभर सांगत फिरस."

आबा माझ्याकडे बघत होते. दाराआडून अक्का बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून माझा धीर सुटला. मी सगळं कबूल केलं: हे तुम्ही नाही, हा टीव्हीतला आहे, आत्ता दाखवतो. आणि भर बैठकीत व्हिडिओ गेम लावला!

टकला पडला, चाबूकवाली पडली, आणि कुऱ्हाडवाला आला. भाऊ पुढे सरकून त्याची दाढी निरखायला लागले.

"मार त्याले," नाना म्हणाले.

"नको मारू," भाऊंनी त्याची बाजू घेतली. "त्यानं बराबर शे."

मारू की नको या गोंधळात मीच चार कुऱ्हाडी खाल्ल्या आणि मेलो.

"हाऊ बोलत नही का?" भाऊंनी विचारलं. मी म्हटलं, नाही, नुसता फेकत राहतो. "मी बी बारा वरीस बोलनू नही," भाऊ म्हणाले.

नाना भाऊंकडे वळले. "निंब आतून पोकळ व्हतं, भाऊ. गोठावर पडतं. मी सांगाले उनू व्हतू, तू दार लाई लिधं."

भाऊंनी चष्मा काढून पुसला. मग पोह्यांची बशी मुलाला न देता, स्वतः हात लांब करून नानांपुढे धरली. स्थळ तिथल्या तिथे ठरलं. भाऊंनी एकच अट घातली, की दाढीवाल्याला यापुढे मी लाथ मारायची नाही. (त्यामुळे तो खेळ मी आजवर तिसऱ्या टप्प्यापुढे खेळलेलो नाही.)

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला अक्का माहेरी आली ती हसतच. सासरी, नानांच्या कपाटात तिला एक वही सापडली होती, ती घेऊनच आली. बैठकीआधी नानाही बियाण्याचे विक्रेते बनून मेहरूणला येऊन गेले होते! आबांचं त्यात एक पान होतं, वर मोठ्या अक्षरांत 'संशयी'. मी उत्सुकतेने माझं पान शोधायला लागलो. इतक्या लोकांच्या मनातलं खोल शोधणारा मी, माझ्याबद्दल त्यांनी काय काय हुडकून काढलं असेल?

खलनायकांना मी एकेक पान दिलं होतं. मला आबांच्या पानाच्या तळाशी दीड ओळ मिळाली होती: 'मुलगा एक. टीव्हीसमोर बसून असतो. त्याच्यापासून कुणाला काही धोका नाही.'