लिहिणाऱ्याला विचारावे

पृथ्वीवर आजवर जेवढे म्हणून बदल झाले, त्यांतला एकही माझ्या थोरल्या साडूंनी पहिल्या झटक्यात मंजूर केलेला नाही. हिमयुग संपत होतं तेव्हा ते हजर असते, तर बर्फ वितळण्याआधी त्यांनी सूर्याला पडवीत बसवून "का?" असं विचारलं असतं आणि आपण आजही काकडत बसलो असतो. स्वतःच्या लग्नात भटजींनी मुहूर्त जरासा पुढे घेतला, तर यांनी बोहल्यावरून कारण विचारलं. भटजी पंचांग चाळून ते दाखवेपर्यंत माझी मेव्हणी हार घेऊन ताटकळत उभी. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताईंचा खांदा अजूनही थंडीत धरतो, आणि धरला की त्या नवऱ्याकडे बघतात.

अशा माणसाला धंदाही असा मिळाला की ज्यात "का" विचारल्याबद्दल पगार मिळतो. खाड्यांमधून चालणाऱ्या लाँचींची वेळापत्रकं आणि तिकिटं सांभाळणारा प्रोग्राम आमची लहानशी कंपनी करते. मी अलिबागेत बसून कोड लिहितो, आणि साडूबुवा दिवेआगरला आपल्या वाडीत बसून तो तपासतात. नियमच आहे तसा: एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचून होकार दिल्याशिवाय आत घ्यायचा नाही. इतर कंपन्यांत या कामाला रिव्ह्यू म्हणतात. आमच्याकडे ती मुलगी बघायला जाण्याइतकी गंभीर गोष्ट होती, फक्त इथे मुलीकडचा मी असे आणि पोहेही मलाच मिळत.

कारण साडूबुवांना बदल फोनवर समजत नसे. "तू ये. समोर बसून सांग." मग शनिवारी मी गाडी काढायची, मुरूड मागे टाकून आगरदांड्याला बोटीत चढवायची, दिघीला उतरवायची आणि दुपारच्या आत त्यांच्या पडवीत हजर व्हायचं. ते झोपाळ्यावर मांडी घालून, लॅपटॉप पाटावर ठेवून, माझा कोड पोथीसारखा मोठ्याने वाचायचे. कंसांसकट. हातात अडकित्ता. जोवर सुपारी कट्‌ कट्‌ कातरली जातेय तोवर माझा कोड सुखरूप. अडकित्ता थांबला की माझा श्वास थांबायचा.

"ही इथे रिकामी ओळ सोडलीयस. का?"

"वाचायला जरा मोकळं वाटतं."

"तुला मोकळं वाटतं. लाँचीला काय वाटतं?"

"लाँचीला काही फरक नाही पडत."

"मग का?"

या संवादावर एकदा अख्खी दुपार गेली होती. शेवटी आतून ताई ओरडल्या, "अहो, द्या की त्याला ती ओळ! तुमच्या वाडीतली जागा मागतोय का तो?" तेव्हा कुठे ओळ मिळाली. आणि खोटं सांगत नाही, त्या दुपारी इतकी सुपारी कातरली गेली की शेजारच्या तीन लग्नांना पुरली.

पुढे वादळ आलं आणि दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज नाही, रस्ता नाही, फोनला रेंज नाही. माझी बायको इकडे देव पाण्यात घालून बसलेली. आणि एका सकाळी फोन वाजला. पडलेल्या माडाच्या बुंध्यावर चढलं की रेंजची एक काडी मिळते असा शोध साडूबुवांनी लावला होता. "तो तिकिटांचा बदल माझ्या होकाराशिवाय आत घातला नाहीस ना?" मी म्हटलं, नाही. "बरं केलंस." मग वाऱ्यात त्यांचा आवाज खाली आला. "पोफळी गेल्या सगळ्या," ते म्हणाले. "का, ते कुणाला विचारू?" मी फोन ठेवला आणि निघालो. गाडी काढून, अडेल तिथे उतरून, मिळेल त्या वाहनाने मी दिवेआगर गाठलं, इतकंच.

नवी रोपं गुडघाभर झाली आणि आमच्या कंपनीत एआय आलं. बदल उघडला की शेजारच्या चौकोनात स्वच्छ मराठीत लिहून यायचं: काय बदललं, कशासाठी, त्याने कुठे काय होईल. आम्हाला वाटलं, साडूबुवा या यंत्राला तिन्हीसांजेच्या आत वाडीबाहेर काढतील. झालं उलटंच. यांनी त्याला "का" विचारलं आणि त्याने सांगितलं. परत विचारलं, परत सांगितलं. न चिडता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी न कंटाळता उत्तर देणारं भेटलं होतं. साडूबुवा विरघळले. त्याला "अहो" म्हणू लागले, आणि नाव ठेवलं जावईबापू. "सगळ्यातलं कळतं, बोलणं गोड, आणि अंगाला काही लावून घ्यावं लागत नाही. दुसरं काय म्हणणार?"

बदल धडाधड पार व्हायला लागले. पाठवावा आणि चहा संपायच्या आत होकार यावा. ऑफिसात साहेबांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. माझे शनिवार मात्र एकदम रिकामे झाले. साडूबुवा फोनवर म्हणाले, "आता कशाला येतोस एवढा? जावईबापूंनी सांगितलं सगळं." मी म्हटलं, वा, छान. अलिबागच्या बाजारातून सुपारी आणली आणि घरी बसून कातरून पाहिली. बायकोने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, काही नाही.

असं किती काळ चाललं असतं कोण जाणे. पण आमच्याकडे नागपूरच्या एक बाई नव्याने लागल्या. हुशार, नीटनेटक्या, समुद्र फक्त फोटोत पाहिलेला. त्यांनी जुना कोड झाडून काढायला घेतला आणि त्यात त्यांना 'भांग' नावाची एक अट सापडली. ती काढून टाकणारा बदल त्यांनी पाठवला. जावईबापूंनी चौकोनात पहिलंच वाक्य लिहिलं: "जुन्या कोडची साफसफाई." साडूबुवांनी तेवढं वाचलं, सुपारी तोंडात टाकली आणि होकार दिला.

आता आमच्या किनाऱ्यावर भांग म्हणजे काय हे सांगायला हवं. पुनवेला-अवसेला येतं ते उधाण, आणि अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावतं तो भांग. भांगाच्या दिवसांत भरती थोडीच चढते आणि गाळावरून लाँच निघायला उशीर लागतो, म्हणून त्या अटीने सकाळची फेरी पुढे ढकललेली असे. अट निघाली, फेरी वेळेवर सुटली, आणि पलीकडच्या खाडीत ऐन गाळात लाँच गच्चकन बसली. आत भरपूर माणसं, कोंबड्यांच्या पाट्या, दुसऱ्याच लग्नाचा एक नवरदेव, आणि दूरच्या एका भाचीच्या लग्नाला पैठणी नेसून निघालेल्या आमच्या ताई.

ताईंचा फोन आला तेव्हा साडूबुवा झोपाळ्यावर होते.

"मी गाळात बसल्ये."

"का?" साडूबुवांनी सवयीने विचारलं.

"ते तुमच्या जावईबापूंना विचारा! लाँचीचा तांडेल म्हणतो, 'मोबाईलात हिरवा दिवा हाय, माझा काय दोष न्हाय.' इथे नवरदेव रडकुंडीला आलाय!"

भरती पुरती चढल्यावर लाँच हलली. ताईंना लग्न मिळालं नाही, पंगतीचा शेवट मिळाला. मला मात्र साडूबुवांचा फोन आला: "तू ये." मी गाडी अशी हाकली की आगरदांड्याची बोट मला बघून परत फिरली.

पडवीत अडकित्ता बंद होता. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "वाच. पूर्ण वाच. मोठ्याने." मी वाचलं. साफसफाईच्या वाक्याखाली जावईबापूंनी लिहिलं होतं: "'भांग' ही अट बहुधा सणासुदीला खलाशी नशेत असल्यास फेरी उशिरा सोडण्यासाठी असावी. मात्र याची खात्री नाही. काढण्यापूर्वी मूळ लिहिणाऱ्याला विचारावे."

"मूळ कोणी लिहिलं होतं?" मी विचारलं.

"मी," साडूबुवा म्हणाले.

आतून ताईंचा आवाज आला, "माझा भांग डोक्यावर, शंकराचा पेल्यात आणि तुमचा खाडीत. एवढं साधं कळू नये?" आणि त्या हसत सुटल्या. मीही सुटलो. साडूबुवा हसले नाहीत. ते त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. "बिचाऱ्याने सांगितलं होतं रे, विचारा म्हणून. मीच विचारायचं सोडलं. कुणालाच काही विचारलं नाही इतक्यांत. तुलासुद्धा."

मग अडकित्ता उचलून त्यांनी मला पोहे खातोस का विचारलं.

जावईबापू घरातून गेले नाहीत. चौकोन अजून उजळतो, आणि साडूबुवा आता तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. त्यातच मला माझी वाट सापडली. मी प्रत्येक बदलात कुठेतरी एक शब्द असा पेरायला लागलो, की यंत्राने हात टेकावेत. एकदा एका अटीचं नाव 'ताईचा खांदा' ठेवलं. एकदा 'रिकामी ओळ'. कोड बिनचूक चालायचा, पण चौकोनात तळाशी हमखास यायचं: याचा अर्थ स्पष्ट नाही, लिहिणाऱ्याला विचारावे. आणि शनिवारी फोन यायचा. "काय रे हे? का? तू ये." साडूबुवांना यातलं काही कळत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

आता ते थकलेत. डोळ्यांना त्रास होतो, मोठ्याने वाचताना मधले कंस गळतात, आणि या वर्षअखेरीला काम सोडायचं म्हणतात. परवा माझा एक बदल घाईत गेला. घरात पाहुणे होते, शब्द पेरायचा राहून गेला. सगळं लख्ख, सरळ, पहिल्या वाचनात समजेल असं. चौकोनात तळाला काहीच आलं नसणार हे शुक्रवारी माझ्या लक्षात आलं आणि हळहळ वाटली. थोडेच शनिवार उरलेत आणि त्यातला एक मी स्वतःच्या हाताने घालवला.

शनिवारी सकाळी फोन वाजला.

"अरे, ह्या वेळचं सगळंच समजलं," साडूबुवा म्हणाले. मागे झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. अडकित्त्याचा आवाज नव्हता. "का? तुला बरं नाही का?"